अणुभट्टीतल्या शीतकाचं सिम्युलेशन: सरासरीत काय विरघळून जातं?

एम.टेक.च्या एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. २२० मेगावॉटच्या जड पाण्याच्या अणुभट्टीतल्या एका इंधन बंडलचं त्याने सीएफडी (संगणकावर प्रवाहाचं बारीक गणित) केलं आहे. प्रेशर ट्यूबमध्ये, म्हणजे चॅनलमध्ये, इंधनाच्या १९ पेन्सिलींचं (सळ्यांचं) बंडल, त्यातून वाहणारं जड पाणी, दाब ८.७ मेगापास्कल, पाणी आत येताना २९० अंश, आणि शक्ती चॅनलमधल्या सर्वांत जास्त तापणाऱ्या बंडलची. रन कन्व्हर्ज झाला, म्हणजे गणित स्थिरावलं, रंगीत पट्टे छान आले आणि पेन्सिलीच्या आवरणाचं, म्हणजे क्लॅडचं, कमाल तापमान ३१२ अंश निघालं. आता त्याला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एवढ्यावर ‘शीतकरण पुरेसं आहे’ असं प्रबंधात लिहिता येईल का? पुढे सीएफडी शिकावं की रीलॅपसारखे सिस्टिम कोड, म्हणजे सगळ्या भट्टीचं एकत्र गणित करणारे? आणि या आकड्यांवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

मी गेली पंचवीस-सव्वीस वर्षं अणुभट्ट्यांच्या थर्मल हायड्रॉलिक्समध्ये, म्हणजे उष्णता आणि प्रवाहाच्या शास्त्रात, काम करतो आहे. उत्तर लांबणार आहे, कारण तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे आणि तिथपर्यंत जायला थोडं चालावं लागेल.

आधी तुमच्या ३१२ कडे बघू. ८.७ मेगापास्कल दाबाला जड पाणी साधारण ३०० अंशांना उकळतं. म्हणजे तुमच्याच आकड्यानुसार क्लॅडचा पृष्ठभाग उत्कलनबिंदूच्या बारा अंश वर गेला आहे. प्रत्यक्षात तिथे बारीक बुडबुडे सुटू लागले असते. तुमच्या मॉडेलला मात्र वाफ ठाऊकच नाही. त्याने द्रवाला द्रवच ठेवलं, नुसतं आणखी तापवलं आणि मुकाट्याने पुढे गेलं. बुडबुडे भिंतीलगतचं पाणी ढवळतात आणि उष्णता जोमाने उचलतात, त्यामुळे खरं तापमान ३१२ पेक्षा कमी, ३०५ च्या आसपास अडकलं असतं. मुख्य प्रवाह थंड असताना भिंतीपाशी असं थोडं उकळणं घातक नसतं. पण तुमच्या चित्रातला सर्वांत लाल भाग जिथे आहे, नेमकं तिथलंच भौतिकशास्त्र मॉडेलमध्ये नाही, ही गोष्ट चित्रावरून कुणालाही कळणार नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. २९० अंशांचं पाणी चॅनलमध्ये कुठे सापडतं? अगदी शेवटच्या बंडलांपाशी. आणि सर्वांत जास्त शक्तीचं बंडल कुठे असतं? मधल्या भागात, जिथे पाणी अजून २७० च्या घरात असतं. चॅनलच्या दोन्ही टोकांना शक्ती बरीच उतरलेली असते. तुम्ही तापमान एका जागेचं घेतलं आणि शक्ती दुसऱ्या जागेची. अशी जोडी त्या अणुभट्टीत कुठेच नाही. ‘सुरक्षित बाजूने धरलं’ असं म्हणता येईल, पण मग तसं स्पष्ट लिहायला हवं. नाहीतर वाचणारा ३१२ हा अणुभट्टीतला खरा आकडा समजेल.

हे मला कुठल्याही सॉफ्टवेअरशिवाय दिसलं, आणि कसं दिसलं ते सांगतो, कारण माझ्या मते या कामाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. एक कागद घ्या. भट्टीची औष्णिक शक्ती (२२० हा विजेचा आकडा) सुमारे ७५५ मेगावॉट, चॅनल ३०६, पाणी २४९ अंशांना आत येतं आणि २९३ ला बाहेर पडतं. या तापमानाला जड पाण्याची विशिष्ट उष्मा किलोला, अंशामागे सुमारे ४.९ किलोज्यूल. भागाकार केला की एकूण प्रवाह निघतो सेकंदाला साधारण ३,५०० किलो, म्हणजे चॅनलमागे सरासरी साडेअकरा किलो. ट्यूबचा आतला व्यास ८२.५ मिलिमीटर, पेन्सिलीचा १५.२. ट्यूबच्या क्षेत्रफळातून १९ पेन्सिली वजा केल्या की पाण्याला वाट उरते जेमतेम १,९०० चौरस मिलिमीटर. एवढ्याशा वाटेतून साडेअकरा किलो जायचं तर वेग सेकंदाला सात मीटर. हायड्रॉलिक व्यास (अशा वाटेचा नळीतुल्य व्यास) साडेसहा मिलिमीटर, रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाह किती खळबळता आहे त्याचं माप, साडेतीन लाखांच्या आसपास. १९३० पासून वापरात असलेलं डिटस-बोल्टरचं सूत्र लावलं की उष्णता-संक्रमण गुणांक चौरस मीटरला सुमारे ४५,००० वॉट प्रति अंश येतो. सरासरी चॅनलमधला उष्णता-प्रवाह चौरस मीटरला साडेचार लाख वॉटच्या जरा वर. म्हणजे क्लॅड हे भोवतालच्या पाण्यापेक्षा सरासरी दहाएक अंशांनीच गरम.

बस. वीस मिनिटांचं काम. आता तुमचा २२ अंशांचा फरक बघा: बंडलची शक्ती सरासरीच्या दीडपट धरली तर पंधरा अंश इथे आले, बंडल ओलांडताना पाणी स्वतः पाच-सहा अंशांनी तापलं, उरलेला अंश-दोन अंश पेन्सिलींमधल्या अरुंद फटींमुळे. हिशेब जुळतो. म्हणून तुमच्या रनमध्ये ढोबळ चूक नाही, असं मी धरतो. पण मग विचार करा, आठ-पंधरा दिवस चाललेल्या रनने या कागदापेक्षा जास्त काय सांगितलं? त्या एक-दोन अंशांबद्दलच काय ते. तेच सीएफडीचं खरं क्षेत्र आहे, आणि तिथेच तुमची मेश, म्हणजे प्रवाहाची जागा ज्या बारीक घरांत विभागली ती जाळी, सर्वांत जास्त तपासायला हवी.

आता मुळाशी येतो. प्रत्येक सिम्युलेशन कशाची तरी सरासरी काढतं. कोणतंच मॉडेल याला अपवाद नाही. काही वेळाची सरासरी काढतात, काही जागेची, काही तीनशे चॅनलची मिळून एक करतात. सरासरीत जे विरघळलं ते उत्तरात परत येत नाही, संगणक कितीही मोठा असला तरी. सिम्युलेशन येणं म्हणजे आपण काय विरघळवलं हे माहीत असणं, आणि विचारलेल्या प्रश्नाला नेमकं तेच लागत नव्हतं याची खात्री करणं. मेश बनवणं आणि रन लावणं सहा महिन्यांत कुणालाही जमतं.

काहीच सरासरी काढायची नाही असं ठरवलं तर? प्रवाहातला लहानात लहान भोवरा पकडायचा तर घरांची संख्या रेनॉल्ड्स अंकाच्या सव्वादोनाव्या घाताने वाढते. साडेतीन लाखांसाठी ती जवळजवळ तीन लाख कोटी होते, आणि तेही प्रवाहाच्या हायड्रॉलिक व्यासाएवढ्या लहान तुकड्यासाठी. म्हणून रोजच्या कामात भोवऱ्यांची सरासरी काढणारी मॉडेलं आली, के-एप्सिलॉन किंवा के-ओमेगा एसएसटी. तुम्ही एसएसटी वापरलं आहे आणि भिंतीपर्यंत प्रवाह सोडवल्याचं लिहिलं आहे. मग पहिल्या घराची उंची तपासा. सात मीटर वेगाला आणि या तापमानाच्या पातळ पाण्याला वाय-प्लस (भिंतीपासूनचं अंतर सांगणारा परिमाणहीन आकडा) १ हवा असेल तर घराचा मध्य भिंतीपासून अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही जवळ यायला हवा. माणसाचा केस त्याच्या दीडशे पट जाड असतो. तुमच्या मेशमध्ये पहिलं घर वीस मायक्रॉनवर आहे. त्याचा वाय-प्लस चाळीसच्या वर जातो, आणि तिथे सॉफ्टवेअरने आपणहून वॉल फंक्शन, म्हणजे भिंतीलगतचा थर न सोडवता त्याजागी तयार सूत्र, लावलं असणार. वॉल फंक्शन वाईट नाही, पण मग ‘भिंतीपर्यंत सोडवलं’ हे वाक्य प्रबंधातून काढा.

वेळेची सरासरी काढल्यावर काय हरवतं याचं मला माहीत असलेलं सर्वांत शिकवणारं उदाहरण फ्रान्समधलं आहे. सिव्हो इथली पहिली भट्टी, १,४५० मेगावॉट वर्गातली, अगदी नवी. मे १९९८ मध्ये, भट्टी बंद असताना, अवशिष्ट उष्णता काढून नेणाऱ्या प्रणालीच्या पाइपला एका बाकापाशी तडा जाऊन गळती झाली. तिथे गरम आणि थंड पाण्याचे दोन प्रवाह मिसळत होते. सरासरी तापमान काढलं तर काही वावगं नाही: दोन्हीच्या मधलं कुठलंसं, पोलादाला सहज झेपणारं. पण पाइपच्या भिंतीला सरासरी जाणवत नाही. तिला या क्षणी गरम, पुढच्या क्षणी थंड, पुन्हा गरम असे झटके बसतात. प्रत्येक झटक्याला पोलाद किंचित फुगतं, आकसतं, आणि काही महिन्यांत थकून फाटतं. याला थर्मल फटीग म्हणतात. एसएसटी मॉडेलचा स्थिर रन इथे अत्यंत गुळगुळीत चित्र देईल, आणि ते सरासरी म्हणून बरोबरही असेल. फक्त पाइप ज्या कारणाने फाटला ते कारणच त्यात नसेल.

या प्रश्नावर नंतर बरंच काम झालं. स्वीडनमध्ये व्हाटेनफॉल या वीजकंपनीच्या प्रयोगशाळेत काचेसारख्या पारदर्शक टी-जोडात ३६ अंशांचं आणि १९ अंशांचं पाणी मिसळून भिंतीलगतचे चढउतार मोजले, आणि जगभरच्या गटांना आधी निकाल न दाखवता भाकीत करायला सांगितलं. मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडवणाऱ्या, म्हणजे लार्ज एडी सिम्युलेशन करणाऱ्या गटांना चढउतार बऱ्यापैकी पकडता आले. निकाल ठाऊक नसताना केलेलं भाकीत ही या क्षेत्रातली सर्वांत प्रामाणिक परीक्षा आहे. निकाल समोर ठेवून मॉडेल जुळवणं मी स्वतःही केलं आहे, आणि त्यातून मिळणारा आत्मविश्वास खोटा असतो हे अनुभवाने कळलं.

आता दुसरा प्रश्न, सीएफडी की सिस्टिम कोड. यासाठी तुम्ही बंडलच्या बाहेर या. भट्टी चालू असताना पंप फिरत आहेत, पाणी सात मीटरच्या वेगाने जातं आहे, तेव्हा शीतकरण हा सोपा प्रश्न आहे. वरच्या कागदाने तो सोडवला. अवघड प्रश्न भट्टी बंद केल्यावर सुरू होतो. शृंखला अभिक्रिया थांबली तरी विखंडनातून तयार झालेली मूलद्रव्यं तापत राहतात. बंद केल्याक्षणी पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के, तासाभराने एक-दीड टक्का, दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या आसपास. ७५५ मेगावॉटच्या भट्टीत तासाभरानंतरही सुमारे दहा मेगावॉट उष्णता निघत असते, आणि तिला बंद करण्याचं बटण नाही. फुकुशिमात २०११ साली भट्ट्या भूकंपाबरोबर व्यवस्थित बंद झाल्या होत्या. घात केला तो या उष्णतेने.

आपल्याकडे या प्रश्नाची परीक्षा नरोऱ्यात झाली. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या त्या केंद्रात पहिल्या भट्टीच्या टर्बाइनची पाती तुटली, जनित्रातला हायड्रोजन पेटला, आग केबलींतून पसरली आणि सगळा वीजपुरवठा गेला, पर्यायी पुरवठ्यासकट. सतरा तास. मुख्य पंप थांबलेले. त्या काळात गाभ्याची उष्णता बाहेर नेली ती नैसर्गिक अभिसरणाने: गाभ्यात तापलेलं जड पाणी हलकं होऊन वरच्या स्टीम जनरेटरकडे चढत राहिलं, तिथे थंड होऊन जड झालं आणि खाली उतरत राहिलं. स्टीम जनरेटरच्या दुसऱ्या बाजूला पाणी हवं, ते डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी दिलं. इंधनाला इजा झाली नाही.

किती पाणी लागतं? पुन्हा कागद. तीस अंशांचं पाणी पूर्ण वाफ होईपर्यंत किलोमागे सुमारे २,५५० किलोज्यूल घेतं. दहा मेगावॉटसाठी सेकंदाला चार किलो, म्हणजे तासाला सुमारे चौदा हजार लिटर. उन्हाळ्यात गावात येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यासमोर आणा: तासाला तसे दीड टँकर. दिवसाभरानंतर अर्ध्या टँकरवर भागतं. माझ्याकडे नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हा हिशेब करायला लावतो, कारण ‘मेगावॉट’ या शब्दापेक्षा ‘दीड टँकर’ कायमचा लक्षात राहतो. एवढं पाणी अग्निशमन पंप आरामात देऊ शकतो, हेही त्यातूनच दिसतं.

आणि अभिसरण किती होईल? वर ढकलणारा जोर तापमानातल्या फरकावर आणि उंचीवर अवलंबून. अडवणारं घर्षण प्रवाहाच्या वर्गावर. दोन्ही समान धरले की प्रवाह उष्णतेच्या घनमूळाच्या प्रमाणात येतो. उष्णता आठ पट कमी झाली तरी प्रवाह फक्त निम्मा होतो, आणि पाण्याची तापमानवाढ एक चतुर्थांशावर उतरते. निसर्गाची ही मोठी कृपा आहे. पण आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांत चॅनल आडवे असतात, म्हणून खुद्द चॅनल या जोरात काहीच भर घालत नाही. सगळा जोर फीडर (प्रत्येक चॅनलचा जोडपाइप), हेडर (सगळे फीडर मिळतात ती मोठी नळी) आणि स्टीम जनरेटर यांच्या उंचीतून येतो. दोन हेडरमधला दाबाचा फरक त्या वेळी इतका क्षीण असतो की एखाद्या चॅनलमध्ये प्रवाह मंदावू शकतो, उलटाही फिरू शकतो. ३०६ चॅनलची मिळून एक नळी केलेल्या मॉडेलमध्ये ही शक्यताच पुसली जाते.

हा प्रश्न सीएफडीने सोडवायचा नाही. शेकडो मीटर पाइप, पंप, झडपा, चार स्टीम जनरेटर, सतरा तासांचा काळ: याला सिस्टिम कोडच हवा. अमेरिकेत आयडाहोच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत घडलेला रीलॅप-५, फ्रान्सचा कॅथार, जर्मनीचा ॲथलेट, कॅनडाचा कॅथेना हे यातले मुख्य. या कोडमध्ये पाइप म्हणजे एकापुढे एक ठेवलेले डबे. प्रत्येक डब्यात पाण्यासाठी तीन आणि वाफेसाठी तीन समीकरणं: वस्तुमान, संवेग, ऊर्जा. वाफ आणि पाणी एकमेकांवर किती घासतात, भिंत कुणाला किती उष्णता देते, हे सगळं प्रयोगातून आलेल्या सूत्रांनी भरलेलं. डब्याच्या आत काय चाललं आहे हे कोडला माहीत नसतं. आडव्या चॅनलमध्ये पाणी कमी झालं की वाफ वर, पाणी खाली असे थर पडतात. वरच्या पेन्सिली उघड्या पडतात, खालच्या बुडालेल्या राहतात. एका डब्याला एकच क्लॅड जोडला असेल तर उत्तर कुठल्याच पेन्सिलीचं नसतं. म्हणून अनुभवी माणसं एकाच चॅनलमध्ये वरच्या आणि खालच्या पेन्सिलींसाठी वेगळे उष्णता-घटक ठेवतात.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी असाच एक अभिसरणाचा अभ्यास करत होतो. निकाल उत्तम होते, प्रवाह अपेक्षेपेक्षाही चांगला. वरिष्ठांनी एकच विचारलं, “शून्य शक्तीला चालवून बघितलंस का?” नव्हतं बघितलं. चालवलं तर सगळीकडे एकच तापमान, पंप बंद, उष्णता शून्य, आणि तरी पाणी फिरत होतं! शोधायला चार दिवस लागले. इनपुट फाइलमध्ये एका फीडरच्या उंचीत मी चाळीस सेंटिमीटरची चूक केली होती. वर्तुळ पूर्ण फिरून आल्यावर उंचीची बेरीज शून्य यायला हवी, ती येत नव्हती. चाळीस सेंटिमीटर पाण्याचा दाब हवेतून निर्माण झाला होता, आणि माझं ‘उत्तम अभिसरण’ निम्मं त्याच्यावर चाललं होतं. तेव्हापासून मी कोणतंही मॉडेल आधी काहीच घडू न देता चालवतो. जिथे काही घडायला नको तिथे मॉडेलमध्ये काही घडत असेल तर पुढे जायचंच नाही. सीएफडीतही हे करा: उष्णता शून्य ठेवा आणि तापमान कुठे सरकतं का बघा.

या दोन टोकांच्या मध्ये आणखी एक पायरी आहे, सबचॅनल कोड, कोब्राच्या घराण्यातले. पेन्सिलींच्या मधली प्रत्येक वाट वेगळी धरायची आणि शेजारच्या वाटांमधली देवाणघेवाण सूत्रांनी द्यायची. बंडलमध्ये कोणत्या पेन्सिलीवरचं पाणी आधी आटेल, म्हणजे ड्रायआउट कुठे होईल, या प्रश्नाला अजूनही बहुतेक वेळा हीच पायरी वापरतात. आणि ड्रायआउटचा उष्णता-प्रवाह येतो कुठून? ग्रोनेवेल्डच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कोष्टकांतून, जी हजारो मोजमापांवरून बनवली आणि १९८६, १९९५ व २००६ मध्ये सुधारली गेली. इतक्या वर्षांनंतरही हा आकडा नुसत्या समीकरणांतून काढण्यापेक्षा मोजलेल्या आकड्यांच्या तक्त्यातून घेणं जास्त भरवशाचं वाटतं, यावरून वाफ-पाण्याचा प्रश्न किती अवघड आहे ते कळेल. ७०० मेगावॉटच्या नव्या भट्ट्यांत, काक्रापारला चालू झालेल्या, चॅनलच्या शेवटी पाण्याला थोडं उकळायची मुभा आहे. तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या भट्ट्यांत जेवढे, तेवढेच ३९२ चॅनल, पण शक्ती जास्त. तिथे तुमचं एका फेजचं, म्हणजे फक्त द्रव धरणारं, मॉडेल चॅनलच्या अखेरीस लागूच पडणार नाही.

भूमितीबद्दलही एक सांगायला हवं. तुम्ही ट्यूब नव्या कोऱ्या ड्रॉइंगप्रमाणे घेतली आहे. न्यूट्रॉनांचा मारा, दाब आणि तापमान यांनी प्रेशर ट्यूब वर्षानुवर्षं हळूहळू फुगते. व्यास काही टक्क्यांनी वाढतो. बंडल मात्र तेवढंच, आणि ते ट्यूबच्या तळाशी टेकलेलं. म्हणजे वरच्या बाजूला चंद्रकोरीसारखी फट वाढते, पाणी तिथून सोप्या वाटेने निसटतं आणि पेन्सिलींच्या मधल्या वाटांना कमी मिळतं. शिवाय एकामागोमाग एक ठेवलेली बारा बंडलं एकमेकांशी जुळलेल्या कोनात नसतात. प्रत्येक जोडावर वाटा बदलतात. तुमच्या प्रबंधात खरंच नवीन काही करायचं असेल तर ते इथे आहे. नवी ट्यूब आणि फुगलेली ट्यूब यांच्यातला प्रवाहाच्या वाटणीचा फरक दाखवा. हा प्रश्न सीएफडीचाच आहे.

सममितीचा मोह टाळा. कॅलँड्रिया या मोठ्या पात्रात चॅनलभोवती असलेल्या मंदकाचं, म्हणजे न्यूट्रॉनांचा वेग कमी करणाऱ्या जड पाण्याचं, उदाहरण घ्या. गंभीर अपघातात चॅनलमधलं पाणी गेलं तर प्रेशर ट्यूब वाकून किंवा फुगून बाहेरच्या कॅलँड्रिया ट्यूबला टेकते आणि उष्णता भोवतालच्या थंड मंदकात जाते. म्हणून तो मंदक कुठे किती थंड आहे हे कळणं फार मोलाचं. एकीकडे आत शिरणारे पाण्याचे झोत, दुसरीकडे तापून वर चढणारं पाणी. दोघांची झटापट चालते. कॅनडात स्टर्न प्रयोगशाळेत याचा एक काप बनवून मोजमापं घेतली, तेव्हा दोन्ही बाजूंनी सारखाच प्रवाह सोडूनही आतलं चित्र एका बाजूला कललेलं निघालं. वेळ वाचवायला अर्धंच पात्र घेऊन मध्ये सममितीची सीमा टाकली असती, तर हे कलणं गणितानेच अशक्य करून टाकलं असतं. भूमिती सममित आहे म्हणून प्रवाह सममित असेल, हे उत्प्लावकतेच्या, म्हणजे गरम पाणी हलकं होऊन वर चढण्याच्या, प्रश्नांत कधीही गृहीत धरू नका.

तिसरा प्रश्न, विश्वास. आधी मेश तीन पातळ्यांवर बारीक करत नेऊन उत्तर कुठे स्थिरावतं ते दाखवा, हे किमान. त्यानंतर मॉडेलच बदलून बघा. एसएसटीऐवजी रेनॉल्ड्स स्ट्रेस मॉडेल लावलं आणि उत्तर चार अंशांनी हललं, तर तुमच्या उत्तराला निदान तेवढी अनिश्चितता आहे, मेश कितीही सुंदर असो. मग इनपुटची अनिश्चितता: शक्ती, प्रवाह, दाब, सूत्रांचे गुणांक. सगळे एकाच वेळी आपापल्या मर्यादेत यादृच्छिकपणे बदलून कोड ५९ वेळा चालवला, तर त्यातलं सर्वांत मोठं उत्तर ही शंभरातल्या पंचाण्णव शक्यतांना ओलांडणारी मर्यादा आहे असं पंचाण्णव टक्के विश्वासाने म्हणता येतं. ०.९५ चा ५९ वा घात काढून बघा, ०.०५ च्या किंचित खाली येतो. त्यामागचं गणित एवढंच आहे. इनपुट पाच असोत की पन्नास, ५९ पुरतात. नियामकांसमोर जाणाऱ्या अभ्यासांत आज ही रीत सर्रास दिसते. अमेरिकेच्या नियमांत १९७४ पासून क्लॅडसाठी १,२०४ अंशांची मर्यादा आहे. पूर्वी तिथे मुद्दाम निराशावादी गृहीतकं घालावी लागत. १९८८ पासून वास्तव गणित आणि त्याची मोजलेली अनिश्चितता, असा दुसरा मार्गही खुला झाला.

पण या सगळ्याच्या बाहेर राहते ती न विचारलेल्या प्रश्नाची अनिश्चितता. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुकेंद्रात २८ मार्च १९७९ रोजी एक झडप उघडी अडकली आणि छोट्या वाटेने पाणी जात राहिलं. त्या काळी बहुतेक सगळी गणितं सर्वांत मोठा पाइप तुटल्याची होती. प्रेशरायझरमधली (दाब राखणाऱ्या टाकीतली) पातळी चढलेली दिसत होती म्हणून चालकांनी पाणी कमी केलं, आणि तिकडे गाभा उघडा पडत होता. संगणकाने चूक केली नव्हती. छोट्या गळतीत पातळी आणि पाण्याचा साठा एकमेकांना सोडून वागतात, हे कुणी पुरेसं खोलात जाऊन विचारलं नव्हतं.

तर तुम्ही आता काय करायचं. ‘शीतकरण पुरेसं आहे’ असं लिहू नका. ‘अमुक शक्ती, अमुक प्रवाह आणि नव्या ट्यूबच्या भूमितीत, स्थिर अवस्थेत, एका फेजच्या गृहीतकावर क्लॅडचं तापमान इतकं येतं, आणि हे गृहीतक बंडलच्या अमुक भागात मोडतं’ असं लिहा. परीक्षकाला हे जास्त आवडेल. पायथॉनमध्ये बारा बंडलांच्या चॅनलचा एकमितीय कोड स्वतः लिहा. दोनशे ओळींचं काम आहे. जड पाण्याचे गुणधर्म कूलप्रॉप या मोफत लायब्ररीत मिळतात. साध्या पाण्याचे चुकूनही वापरू नका, घनतेतच दहा टक्क्यांच्या वर फरक पडतो. त्या कोडमधून प्रत्येक बंडलपाशी पाण्याचं तापमान आणि शक्ती यांची खरी जोडी काढा आणि तीच सीएफडीला द्या. रीलॅपची परवानगी संस्थेमार्फतच मिळते, वेळ लागतो. तोवर हा छोटा कोड तुम्हाला सिस्टिम कोडचं मन शिकवेल. सीएफडीसाठी ओपनफोम किंवा फ्रान्सचं कोड-सॅटर्न, दोन्ही मोफत, आणि आत काय चाललं आहे ते उघडून वाचता येतं. सीएफडी की सिस्टिम कोड यांतलं एक निवडू नका. निदान पहिली पाच वर्षं तरी दोन्हीत हात घालत राहा.

सुधारित रन झाला की मला चित्रं पाठवू नका. चार आकडे पाठवा: मधल्या आणि शेवटच्या बंडलपाशी क्लॅडचं कमाल तापमान, तुमच्या कागदावरच्या हिशेबाने आलेले तेच दोन. दोन्हींत पाच अंशांपेक्षा जास्त तफावत असेल, तर ती कुठून आली हे शोधायला आपण एकत्र बसू.